पहिलं साहस कोणतं चालवावं, आणि टेबलावर सामान किती हवं?

गारगोटी (धागाकर्ता)

डंजन्स अँड ड्रॅगन्स (फासे टाकत, पात्रं होऊन गोष्ट खेळायचा खेळ) याची पाचवी आवृत्ती नव्याने खेळायला घेणाऱ्या टेबलांसाठी, म्हणजे गटांसाठी, हा धागा. टेबल असं धरू: चार खेळाडू, चौघंही नवे. डीएमही (गोष्ट आणि शत्रू चालवणारा) नवा. आठवड्यातून एकदा तीन तास. प्रश्न दोनच: पहिलं साहस कोणतं घ्यावं, आणि सामानावर किती खर्च करावा?

माझं मत आधी सांगतो. साहस म्हणून २०१४ च्या स्टार्टर सेटमधलं 'लॉस्ट माइन ऑफ फॅन्डेल्व्हर' अजूनही सगळ्यांत बरं. ६४ पानांत पहिल्या लेव्हलपासून पाचव्यापर्यंतचा पूर्ण प्रवास आहे आणि त्याची बांधणी डीएमला शिकवत नेणारी आहे. आधी एक हल्ला आणि एक छोटी गुहा, मग गाव, मग मोकळा नकाशा, शेवटी खाण. डीएमला एकदम सगळं तोंडपाठ करावं लागत नाही, पुढच्या सेशनपुरतं वाचलं तरी भागतं.

सामान: प्रत्येकाला सात फाशांचा एक संच, पेन्सिल, खोडरबर, पात्राचा कागद. बस. मॅट (नकाशासाठी चौकोन आखलेली चटई), मिनी (पात्रांच्या छोट्या मूर्ती), स्क्रीन (डीएमचे कागद झाकणारा आडोसा) यांतलं काहीही पहिले दोन महिने घेऊ नये.

तिठा

साहसाबद्दल सहमत, पण छापलंय तसं चालवू नका. पहिलाच हल्ला बघा. रस्त्यात दोन मेलेले घोडे, झाडीत चार गॉब्लिन (बुटके दुष्ट जीव). २०१४ च्या हिशोबाने एक गॉब्लिन ५० एक्सपी (अनुभवाचे गुण, चकमक किती अवघड ते यांवरून मोजतात), चार म्हणजे २००. तीन ते सहा शत्रू असले की दुपटीने गुणायचं, म्हणजे ४००. पहिल्या लेव्हलच्या चार पात्रांसाठी 'डेडली' (जीवघेणी) ची रेषा बरोबर ४०० वर आहे. खेळाडूंना अजून कोणता फासा कधी टाकायचा हे कळलेलं नाही आणि समोर ही चकमक.

त्यात गॉब्लिनचं स्टेल्थ (लपण्याचं कौशल्य) +६. नव्या पात्रांचं पॅसिव्ह पर्सेप्शन (न शोधता दिसण्या-ऐकण्याची क्षमता) १० ते १४ च्या आसपास, म्हणजे बहुतेक वेळा पार्टी (पात्रांची टोळी) बेसावध सापडणार. बेसावध पात्राला पहिल्या फेरीत हलताही येत नाही. विझार्डचा (जादूगाराचा) एसी, म्हणजे फटका लागायला गाठावा लागणारा आकडा, १२ धरला तर +४ चा बाण ६५ टक्के वेळा लागतो, सरासरी नुकसान साडेपाच. चौघांनी त्याच्यावरच नेम धरला तर एका फेरीत सरासरी १४ नुकसान, आणि त्याच्याकडे एचपी (जिवाचे गुण) आहेत ८.

उपाय सोपा आहे. सुरुवातीला दोनच गॉब्लिन ठेवा (१०० गुणिले दीड म्हणजे १५०, हे 'ईझी' त बसतं). तिसरा दुसऱ्या फेरीत येऊ दे. चौथा झाडीतून पळताना दिसू दे. तोच पार्टीला गुहेपर्यंत घेऊन जाईल.

सुंठवडा

@तिठा, गणित बरोबर आहे, पण त्याच पानावर पुढे एक ओळ आहे ती बहुतेक डीएम वाचत नाहीत. पार्टी हरली तर गॉब्लिन त्यांना मारत नाहीत. बेशुद्ध सोडून, सामान आणि गाडी लुटून निघून जातात. हरण्याची वाट लेखकांनी आधीच आखलेली आहे, त्यामुळे हल्ला सौम्य करण्यापेक्षा ती ओळ नीट चालवावी. लुटलेलं सामान परत मिळवायला गुहेत जाणारी पार्टी ही नुसती 'मदत करायला' निघालेल्या पार्टीपेक्षा जास्त ईर्ष्येने खेळते.

खरा धोका गुहेच्या शेवटी बसलेला क्लार्ग. बगबेअर (गॉब्लिनांचा धिप्पाड भाईबंद), एसी १६, एचपी २७. त्याच्या मॉर्निंगस्टारचं सरासरी नुकसान ११. बेसावध गाठलं तर आणखी दोन डी६ (सहा बाजूंचे फासे), म्हणजे सरासरी ७. एकूण १८. आता ८ एचपीचा विझार्ड घ्या: शून्यावर आल्यावर उरलेलं नुकसान १०, ते त्याच्या कमाल एचपीपेक्षा जास्त, म्हणजे नियमाप्रमाणे जागच्या जागी मृत्यू. डेथ सेव्हसुद्धा (मरणाच्या दारातून वाचायचा फासा) नाही. पार्टी आरडाओरडा करत गुहेत शिरली की क्लार्गला खबर लागते आणि तो लपून बसतो. नेमकं तेव्हाच हे घडतं.

पाणकोंबडा

वाचनखूण साठवली. हे असं आकड्यांसकट कुणी लिहीत नाही.

जास्वंद

मला मूळ गृहीतकच पटत नाही. टेबल नवं असेल तर डी अँड डी कशाला? पात्राच्या कागदावर सहा अ‍ॅबिलिटी, त्यांचे मॉडिफायर, अठरा स्किल, सेव्ह, प्रोफिशियन्सी, स्पेल स्लॉट. पहिलं सेशन कागद भरण्यातच जातं.

'केर्न' हा दुसरा खेळ घ्या. फुकट आहे, क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहे. तीनच अ‍ॅबिलिटी (बळ, चपळाई, इच्छाशक्ती), प्रत्येकी तीन डी६. एचपी एक डी६. सामानाला दहा खाचा, दहाही भरल्या की एचपी शून्य. हल्ला लागला का हे बघायला फासा टाकायचाच नाही. सरळ नुकसानाचा फासा टाकायचा, त्यातून चिलखत वजा करायचं. एचपी संपल्यावरचं नुकसान बळातून जातं आणि मग सेव्ह (तग धरतो का ते फाशाने ठरवणं). पात्र दहा मिनिटांत तयार होतं. नियम एका बैठकीत वाचून होतात, त्यामुळे डीएमचं सगळं लक्ष खोलीत काय आहे, दार कसं उघडतं, पलीकडे कोण आहे याकडे राहतं. नव्या माणसाला या खेळाची गोडी तिथेच लागते.

तिठा

@जास्वंद, केर्न सुंदर आहे, पण नव्या डीएमला तो कठीण जातो. हल्ला नेहमी लागतो याचा अर्थ लढाई ही शेवटची वाट, आणि हे खेळाडूंना वेळेवर कळवणं डीएमच्या हातात. सापळा कुठे आहे, शत्रू किती, कुठून पळता येईल हे सगळं आधी उघड सांगावं लागतं. ती सवय नसलेला डीएम पहिल्याच तासात दोन पात्रं गमावतो. पाचव्या आवृत्तीत डेथ सेव्ह, हीलिंग वर्ड (जखम भरणारा मंत्र), शॉर्ट रेस्ट (थोडी विश्रांती) असं अस्तर आहे. डीएमचा अंदाज चुकला तरी ते सांभाळून घेतं.

जास्वंद

उलट आहे. अस्तर आहे म्हणून धोका उघड सांगण्याची सवय लागतच नाही. मग तोच डीएम पार्टीला थंडरट्रीला (लॉस्ट माइनमधलं ओसाड गाव) सोडतो. तिथला तरुण हिरवा ड्रॅगन: एसी १८, एचपी १३६, श्वासाचं नुकसान १२ डी६, सरासरी ४२. तिसऱ्या लेव्हलच्या २० एचपीच्या विझार्डचा सेव्ह चुकला की उरलेलं नुकसान २२, पुन्हा जागेवर मृत्यू. आधी सांगणं कुठल्याही खेळात शिकावंच लागतं, मग पहिल्या दिवशी का नको?

सुंठवडा

थंडरट्रीबद्दल जास्वंदशी सहमत. ड्रॅगन अर्ध्या एचपीवर आला की उडून जातो असं साहसातच लिहिलंय, पण तिथवर पोचण्याआधी दोन श्वास पडलेले असतात. गावातला ड्रुइड (निसर्गाची जादू करणारा) भेटताक्षणी ड्रॅगनची बातमी देतो. ती पुटपुटत सांगू नका, खेळाडूंना ऐकू जाईल अशी सांगा.

काजवा

स्टार्टर सेट हवा पण लॉस्ट माइन मिळत नाही, अशांसाठी: २०१९ च्या एसेन्शियल्स किटमधलं 'ड्रॅगन ऑफ आइसस्पायर पीक' लॉस्ट माइनच्याच गावात घडतं. गावातल्या फळ्यावर कामं लावलेली, पार्टीने हवं ते उचलायचं. साइडकिकचे (सोबतीच्या साध्या पात्राचे) नियम आहेत, त्यामुळे एक डीएम आणि एकच खेळाडू असला तरी चालतं. खेळाडू एकत्र जमवणं अवघड असलेल्यांसाठी हे फार मोलाचं आहे.

तोटा एकच: पहिल्या तीन कामांतलं अंब्रेज हिल. तिथे मँटिकोर (शेपटीचे काटे फेकणारी पंखवाली राक्षसीण) आहे, एचपी ६८, एक्सपी ७००. पहिल्या लेव्हलच्या पार्टीने शेपटीचे काटे अंगावर घेतले तर संपलंच. तिच्याशी बोलता येतं, खायला देऊन किंवा मोबदला देऊन परतवता येतं. ती आधी बोलते, मग हल्ला करते, असंच चालवा.

नांगरणी

पाथफाइंडरची (याच धाटणीच्या दुसऱ्या खेळाची) बाजू कुणीच मांडली नाही. दुसऱ्या आवृत्तीचा बिगिनर बॉक्स 'फक्त शिकवणे' या कामात वर आलेल्या सगळ्यांपेक्षा उजवा आहे. त्यातल्या साहसात एकेक खोली एकेक नियम शिकवते. पेटीत फासे, दोन्ही बाजूंनी छापलेला नकाशा, पुठ्ठ्याच्या सोंगट्या, म्हणजे धागाकर्त्याच्या दुसऱ्या प्रश्नाचंही उत्तर तिथेच. प्रत्येकाला एका पाळीत तीन अ‍ॅक्शन. दुसरा हल्ला -५ ने, तिसरा -१० ने. लक्ष्यापेक्षा १० ने जास्त आलं तर क्रिटिकल (जबर फटका). नियम सगळे आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस या संकेतस्थळावर अधिकृतपणे फुकट वाचता येतात.

गारगोटी

@नांगरणी, मुद्दा मान्य, पण बिगिनर बॉक्सचं साहस फार लवकर संपतं आणि नव्या डीएमला लगेच 'आता पुढे काय' ला तोंड द्यावं लागतं. लॉस्ट माइनमध्ये पुढचे कितीतरी आठवडे बांधलेले आहेत.

सामानाबद्दल कुणी बोलत नाहीये!

फाशीगेट

सामानावर मी बोलतो, फाशांपासून.

संच घेताना तीन गोष्टी बघा. डी२० (वीस बाजूंचा फासा) वर समोरासमोरच्या बाजूंची बेरीज २१ यायला हवी. अंक २०, १९, १८ असे शेजारी-शेजारी असतील तर तो खेळात उरलेले आयुष्याचे गुण मोजायचा फासा, टाकायचा नाही. मोठे अंक एकाच बाजूला गोळा झालेले असतात, त्यामुळे हलक्या हाताने टाकणाऱ्याला फायदा होतो. दुसरं, संचात दोन डी१० हवेत: एक ० ते ९, दुसरा ०० ते ९०. तिसरं, ६ आणि ९ च्या खाली रेघ किंवा टिंब.

मिठाच्या पाण्याची चाचणी करणाऱ्यांसाठी: अ‍ॅक्रिलिकची घनता सुमारे १.१८ आणि मिठाने पूर्ण भरलेल्या पाण्याची सुमारे १.२. म्हणजे पाणी जवळजवळ संपृक्त असल्याशिवाय फासा तरंगणारच नाही. २०० मिली पाण्याला सुमारे ७० ग्रॅम मीठ लागतं. चार चमचे टाकून 'बुडतोय, म्हणजे फासा चांगला' असा निष्कर्ष काढू नका. तरंगता फासा टिचकी मारून फिरवा. दरवेळी तोच अंक वर आला तर आत हवेचा बुडबुडा आहे. धातूच्या फाशांना ही चाचणी लागूच नाही.

धातूचे फासे घेतलेत तर ट्रेही घ्या. सनमायकाच्या टेबलाला त्यांचे कोपरे खड्डे पाडतात. स्टीलच्या ताटात फेल्टचा तुकडा चिकटवला तरी काम होतं.

कोरीव

आता मॅट. 'दोन महिने घेऊ नये' याला माझा पूर्ण विरोध.

पहिल्या लेव्हलचा बर्निंग हँड्स हा आगीचा मंत्र म्हणजे १५ फुटांचा शंकू. नकाशा नसेल तर दरवेळी तोच वाद: त्यात कोण येतो, आपला फायटर भाजतो का? नव्या डीएमला हा वाद मिटवता येत नाही. मॅट असली की मोजायचं आणि पुढे जायचं. एक इंचाचा चौकोन म्हणजे पाच फूट.

आणि ती विकत घ्यायलाच हवी असं नाही. करायची पद्धत:

स्टेशनरीतला ग्राफ पेपर कामाचा नाही, त्याच्या रेघा सेंटिमीटरच्या असतात. चार्ट पेपर (साधारण २२ बाय २८ इंच) घेऊन फूटपट्टीच्या इंचाच्या बाजूने रेघा मारा, फिकट पेन्सिलने, नाहीतर नकाशा दिसत नाही. वर जाड पारदर्शक प्लास्टिक, कडांना क्लिपा.

जास्त टिकाऊ हवी तर फ्लेक्सच्या दुकानातून छापून घ्या. ३६ बाय २४ इंचाची फाइल, १०० डीपीआयला ३६०० बाय २४०० पिक्सेल. दुकानदाराला दोन गोष्टी निक्षून सांगा: मॅट (न चमकणारं) फिनिश, आणि आकार शंभर टक्के. कागदात बसवायला त्याने फाइल लहान केली की चौकोन पाऊण इंचाचा होतो आणि मिनी त्यात मावत नाही. पैसे द्यायच्या आधी दहा चौकोन मोजा, दहा इंच आले पाहिजेत.

फ्लेक्सवर थेट व्हाइटबोर्ड मार्कर वापरू नका. शाई पीव्हीसीत मुरते आणि दुसऱ्या दिवशी निघत नाही, लाल तर अजिबात नाही. सॅनिटायझरने घासाल तर छापलेल्या रेघाही निघतील. वर पारदर्शक शीट ठेवा आणि ओएचपीचे नॉन-पर्मनंट पेन घ्या. ओल्या कापडाने स्वच्छ निघतात.

जास्वंद

@कोरीव, नकाशाशिवायच्या वादाला उत्तर आहे, तेही २०१४ च्या डीएमच्या पुस्तकातच. शंकू असेल तर फुटांना १० ने भागा आणि वर पूर्णांक करा. गोल असेल तर त्रिज्येला ५ ने. बर्निंग हँड्समध्ये दोन शत्रू सापडतात, फायरबॉलमध्ये चार. डीएमने आकडा सांगायचा, कोण ते खेळाडूने निवडायचं. वाद संपला.

कोरीव

हे कोष्टक चांगलं आहे, पण पुलावरचा गॉब्लिन, खालचा ओढा, वरून सोडलेलं पाणी, अंधारात उभं कोण, हे सगळं क्रॅगमॉच्या (क्लार्गच्या) गुहेत एकाच वेळी चालू असतं. चार नव्या लोकांच्या डोक्यात चार वेगळ्या गुहा तयार होतात. मॅटवर एकच होते.

काजवा

मिनींच्या जागी कॅरमच्या सोंगट्या वापरायचा मोह होतो, पण त्या तीन सेंटिमीटरच्या वर असतात. इंचाच्या चौकोनातून बाहेर येतात आणि दोन शेजारच्या सोंगट्या एकमेकींना ढकलतात. २०१९ च्या मालिकेतलं पाच रुपयांचं नाणं २५ मिमी, ते नेमकं बसतं. वर कागदाचं गोल चित्र चिकटवा, आणि काढता येईल असा गोंद वापरा.

उभी चित्रं हवीत तर २०० जीएसएमच्या पुढचा कागद, मधून दुमडून, खाली हार्डवेअरच्या दुकानातला एम१२ चा वॉशर. त्याचा बाहेरचा व्यास २४ मिमी. वजनामुळे पंख्याच्या वाऱ्याने पडत नाही. आपल्याकडे हा प्रश्न खरा आहे.

मोठे प्राणी: लार्जला ५० मिमी, ह्यूजला ७५.

कोणावर कोणती कंडिशन (विषबाधा, बेशुद्धी अशी अवस्था) आहे हे दाखवायला कोल्ड्रिंकच्या बाटलीच्या झाकणाखाली उरणारी प्लास्टिकची कडी. २५ मिमीच्या बेसभोवती छान बसते, वेगवेगळ्या रंगांच्या जमवता येतात.

पाणकोंबडा

बाटलीची कडी! आजपासून सगळे कोल्ड्रिंक पिणार आहेत.

उंबरठा

थोडं विषयांतर. निम्मे खेळाडू पुण्यात आणि निम्मे न्यू जर्सीत असलेल्या टेबलांना मॅटचा उपयोग नाही. त्यांनी आउलबेअर रोडिओपासून (ऑनलाइन नकाशाचं साधन) सुरुवात करावी: नकाशा टाका, टोकन ठेवा, दुवा पाठवा. फाउंड्री हे तशाच कामाचं सॉफ्टवेअर एकदाच विकत घ्यावं लागतं पण सर्व्हर आपला आपण चालवायचा. नव्या डीएमने पहिल्या महिन्यात त्यात शिरू नये, तयारीचा वेळ साहस वाचण्याऐवजी भिंती आखण्यात जातो.

वेळ ठरवताना लक्षात ठेवा: भारतातले रविवार संध्याकाळचे साडेसात म्हणजे तिकडे उन्हाळ्यात सकाळचे दहा, हिवाळ्यात नऊ. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये तिकडची घड्याळं बदलतात, त्या आठवड्यात आदल्या दिवशी निरोप टाका.

नांगरणी

अजून एक महत्त्वाचं राहिलं. २०१४ चं साहस आणि पाचव्या आवृत्तीचे २०२४ चे सुधारित नियम एकत्र वापरताय का, हे आधी ठरवा. २०२४ मध्ये बेसावध पात्राची पाळी जात नाही, फक्त इनिशिएटिव्हला (पाळीचा क्रम ठरवणाऱ्या फाशाला) डिसअ‍ॅडव्हांटेज मिळतो. म्हणजे तिठाने मांडलेला हल्ला बराच सौम्य होतो. दुसरीकडे नवा गॉब्लिन वॉरियर ७ ऐवजी १० एचपीचा आहे, एका फटक्यात मरत नाही. नव्या हिशोबात गुणकही नाही, त्यामुळे तेच चार गॉब्लिन २०० एक्सपी धरले जातात आणि चार पात्रांसाठी 'लो' (सोप्या) मध्ये बसतात. दोन्ही पुस्तकं टेबलावर ठेवून मधेच एखादा नियम याचा, एखादा त्याचा असं करू नका. खेळाडूंचा भरवसा उडतो.

तिठा

+१. हे मी पहिल्याच प्रतिसादात लिहायला हवं होतं. माझे आकडे पूर्ण २०१४ चे आहेत.

गारगोटी

सामानाबद्दलचं मत बदलतोय. चार्ट पेपरची मॅट आणि पाचची नाणी पहिल्या दिवसापासून असावीत, खर्च नगण्य आहे आणि कोरीव यांचा 'चार वेगळ्या गुहा' हा मुद्दा मला पटला. विकतच्या मिनी आणि स्क्रीन मात्र नंतरच.

साहस लॉस्ट माइनच, २०१४ च्या नियमांनी. हल्ल्यात दोन गॉब्लिन, तिसरा नंतर. आता शेवटचा प्रश्न: तीन तासांचं पहिलं सेशन कुठे थांबवावं?

सुंठवडा

गुहेच्या तोंडाशी. पहिली चाळीस मिनिटं पात्रांची ओळख आणि टेबलावर काय चालेल, काय नको हे बोलण्यात जातील, ती जाऊ द्या. हल्ला पहिल्यांदा चालवताना तासभर लागतो, कारण प्रत्येक पाळीला नियम समजावत जावं लागतं. मग सामान तपासणं, पळणाऱ्या गॉब्लिनचा माग, वाटेतला फास आणि खड्डा. गुहेबाहेर शॉर्ट रेस्ट घेऊ द्या. हिट डाइस (विश्रांतीत एचपी परत मिळवायचे फासे) कसे खर्च करायचे ते इथेच शिकवा. जखमी पात्रं तशीच आत गेली तर लांडग्यांपाशीच अडकतील.

दुसऱ्या सेशनला पूर्ण तीन तास गुहेला मिळतात आणि ती संपली की दुसरी लेव्हल. क्लार्गला मात्र पहिल्याच पाळीत उडी मारायला लावू नका. लांडगा आणि दोन गॉब्लिन पुढे, तो मागे, आणि आधी त्याची गर्जना ऐकू येऊ दे.

जास्वंद

आणि क्लार्गशी बोलायचा प्रयत्न कुणी केला तर 'इनिशिएटिव्ह टाका' म्हणू नका. गुहेतलाच दुसरा गॉब्लिन, यीमिक, क्लार्गच्या जागेवर डोळा ठेवून बसलाय. सिल्डर (पार्टीने सोडवायचा कैदी) यीमिकच्याच ताब्यात आहे आणि क्लार्गला मारलंत तर सिल्डरला सोडतो असा सौदा तो मांडतो. पार्टी कुणाच्या बाजूने जाते ते त्यांना ठरवू दे.